टोलेडो कीं तोलेदो?

परभाषेंतील विशेषनामें मराठींत कशीं लिहावीं व कशीं बोलावीं, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. ज्या गांवीं जावयाचें नाहीं त्या गांवाच्या नांवांत 'ट' आहे कीं 'त' आहे याची चौकशी कोणीं करीत बसावी, असें म्हणणारे गृहस्थ आमच्या ओळखीचे पुष्कळ आहेत. आणि ते सर्व सुशिक्षित आहेत. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, एखादा समाज बाहेरचें जग कोणत्या दारानें घरांत घेतो, हें त्याच्या ग्रंथसंग्रहावरून जितकें कळतें तितकेंच त्याच्या व्यंजनांवरूनहि कळतें. प्रस्तुत लेखांत स्पॅनिश भाषेंतील, अवघड समजल्या जाणाऱ्या कांहीं व्यंजनांचा या दृष्टीनें विचार करण्याचें योजिलें आहे.

स्पॅनिश भाषा आज मुंबईच्या उपनगरांतील मध्यम वर्गाला पूर्वीइतकी दूरची राहिलेली नाहीं. मुलुंड-घाटकोपरच्या घरांतून मुलें रात्रीं जागून स्पेनमधील फुटबॉलचे सामने पाहतात. २०१७ सालीं पोर्तो रिकोच्या एका गायकाचें 'देस्पासितो' हें गाणें अंधेरी-बोरिवलीच्या मुलांच्या तोंडीं शब्दार्थ न कळतांहि बसलें होतें. उपाहारगृहांत मेक्सिकोचे पदार्थ मिळूं लागले आहेत. आणि नोकरीसाठीं वा परदेशच्या शिक्षणासाठीं स्पॅनिश शिकणारे तरुण-तरुणीहि आढळतात. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु हें सर्व आमच्याकडे येतें तें इंग्रजीच्या हातून. मुलगा 'डेस्पासिटो' म्हणतो व 'रिअल मॅड्रिड'च्या विजयाची वार्ता देतो; त्याची बहीण 'टॉर्टिला' मागविते; आणि वडील, ज्यांनीं महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय वाचलेलें असतें, ते 'डॉन क्विक्झोट'ची आठवण काढतात. वस्तुतः त्या घरांतील एकाहि माणसाच्या जिभेस 'देस्पासितो', 'रेआल माद्रिद' वा 'तोर्तीया' म्हणण्यास कसलीहि अडचण नाहीं. 'रेआल' याचा अर्थ राजाचा, राजमान्य. ती पदवी त्या मंडळास १९२० सालीं तेराव्या आल्फोन्सो राजानें दिली. तिचें 'रिअल' केलें म्हणजे राजा नाहींसा होतो आणि 'खरोखरचें' माद्रिद तेवढें शिल्लक राहतें. अडचण जिभेंत नसून वाटेंत आहे, हेंच आमचें सांगणें.

इंग्रजांसाठीं लिहिलेलें स्पॅनिश-शिक्षणाचें एखादें पुस्तक उघडलें तर पहिल्याच प्रकरणांत कांहीं सूचना हटकून आढळतात. इंग्रज माणूस 'टी' व 'डी' या अक्षरांचा उच्चार करितांना जिभेचें टोंक वरच्या दांतांमागील हिरडीच्या उंचवट्यास लावतो. स्पॅनिश माणूस तें दांतांसच भिडवितो. शिवाय शब्दारंभीं 'पी', 'टी' किंवा 'के' आला म्हणजे इंग्रजाच्या तोंडून त्याबरोबर श्वासाचा एक झोत बाहेर पडतो; स्पॅनिश माणसाच्या पडत नाहीं. म्हणून पुस्तककर्ते सांगतात कीं, ओठांपुढें कागदाचा कपटा धरावा, आणि तो हलणार नाहीं अशा बेतानें 'पाद्रे', 'तोरो', 'कासा' हे शब्द घोकावे.

मराठी विद्यार्थी हें प्रकरण वाचून तीच साधना करूं लागतो, तेव्हां मौज वाटते. ज्याच्या भाषेंत 'पळ' आणि 'फळ', 'ताट' आणि 'थाट' हे शब्द केवळ श्वासाच्या भेदानें वेगळे होतात, व ज्याच्या घरीं 'ताक' मागितलें असतां कोणी 'टाक' आणून देत नाहीं, त्याला 'त' आणि 'ट' यांतील अंतर इंग्रजीच्या द्वारां शिकविणें म्हणजे वेसाव्याच्या कोळ्यास पोहण्याचे धडे देण्यासारखें आहे. स्पॅनिशचा 'त' तो आमचाच 'त'. 'प' आणि 'क' तेहि आमचेच. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा', हा भेद साधतांना इंग्रज विद्यार्थ्यास मोठे सायास पडतात; कारण त्याचा 'र' जिभेच्या फटकाऱ्याचा नसतो. ज्यांच्या काळजांत 'चर्र' होतें व ज्यांचीं चाकें 'घर्र' फिरतात, त्यांस त्याची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. या पुस्तकांत दोष आहे असें नव्हे. ज्यांच्यासाठीं तीं लिहिलीं त्यांस तीं उपयुक्तच आहेत. परंतु दुसऱ्याच्या दुखण्यावरचें औषध आपल्या घरीं आणून निरोगी माणसास पाजावें, असा हा प्रकार आहे.

मग हाच मराठी माणूस 'टोलेडो' कां म्हणतो? याचें कारण शोधूं गेल्यास तें आमच्या कानांत सांपडत नाहीं, आमच्या शाळेंत सांपडतें. इंग्रजी 'टी' व 'डी' हे दांतांच्या मागें हिरडीवर उमटत असल्यामुळें आमच्या पूर्वजांच्या कानाला ते 'त' व 'द' यांपेक्षां 'ट' व 'ड' यांच्या अधिक जवळचे वाटले, आणि त्यांनीं 'टेबल', 'डॉक्टर', 'स्टेशन' असें लिहिलें. इंग्रजीपुरती ही व्यवस्था सयुक्तिक होती. पुढें मात्र असें झालें कीं, ध्वनीसाठीं केलेली सोय अक्षराला चिकटली. रोमन लिपींत 'टी' दिसला कीं 'ट' लिहावयाचा, 'डी' दिसला कीं 'ड' लिहावयाचा. मग तो 'टी' इंग्रजाचा असो, इटालियनाचा असो वा रशियनाच्या नांवाच्या इंग्रजी रूपांतील असो. यामुळें तोल्स्तोय हा आमच्याकडे 'टॉलस्टॉय' झाला. रशियन, इटालियन, स्पॅनिश व पोर्तुगीज या चारहि भाषांत हे वर्ण दंत्य आहेत, आणि दंत्य वर्ण आमच्या बाराखडींत शतकानुशतकें तयार बसलेले आहेत. परंतु मध्यें इंग्रजी उभी असल्यामुळें त्यांना कोणी हांक मारीत नाहीं.

हीच गत 'व्ह' आणि 'झ' यांची. 'व्हेनेझुएला' हें एकच नांव पाहावें. स्पॅनिशमध्यें खालचा ओठ दांतांस लावून काढलेला 'व्ह' नाहीं. 'बी' आणि 'व्ही' हीं अक्षरें लिहिण्यापुरतीं दोन. बोलण्यापुरता वर्ण एकच. शब्दाच्या आरंभीं तो 'ब' असतो. दोन स्वरांमध्यें ओठ एकमेकांजवळ येतात पण मिटत नाहींत, व जो ध्वनि निघतो तो 'हवा' या शब्दांतील आमच्या 'व'च्या फार जवळचा असतो. तसाच इंग्रजी 'झेड'चा घोषयुक्त ध्वनि. स्पॅनिशमध्यें त्या अक्षराचा उच्चार अमेरिकेंत 'स' होतो, आणि स्पेनच्या बहुतेक भागांत जिभेचें टोंक दांतांत धरून होतो. म्हणून त्या देशाचे रहिवासी आपल्या देशास 'बेनेसुएला' म्हणतात. एवढ्याशा नांवांत आम्हीं दोन परके वर्ण घातले, आणि ते दोन्ही इंग्रजीकडून उसने आणलेले! १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे कोलंबियाचे कादंबरीकार गार्सिया मार्केस यांसहि आम्ही अशाच रीतीनें 'मार्केझ' करून सोडलें आहे.

एवढ्यावरून स्पॅनिशचीं सर्व व्यंजनें मराठी माणसास आयतीं मिळालीं आहेत असा समज कोणी करून घेऊं नये. आमच्या अडचणी इंग्रजाच्या अडचणींहून निराळ्या आहेत, इतकेंच. 'तोलेदो' हें नांव घ्या. त्यांतील 'त' आमचा. पण शेवटचा 'द' आमचा नव्हे. दोन स्वरांमध्यें सांपडलेला 'द' स्पॅनिश माणूस दांतांवर आपटीत नाहीं. जीभ दांतांजवळ नेऊन श्वास तिच्यावरून सरकूं देतो. या एका वर्णाच्या बाबतींत इंग्रज आमच्या पुढें आहे, कारण त्याच्या भाषेंत 'हा', 'तो' या अर्थाच्या शब्दांच्या आरंभीं तोच ध्वनि येतो. दुसरी अडचण 'खोसे' या नांवाच्या आरंभींच्या 'जे' अक्षराची. हा वर्ण घशांत घासून निघतो. उर्दू भाषा जाणणारे 'खबर' शब्द ज्या खर्जानें उच्चारतात तो येथें उपयोगी पडतो. क्यूबा व तिच्या शेजारच्या बेटांत तोच मृदु होऊन 'ह'सारखा ऐकूं येतो, म्हणून 'होसे' म्हणणाराहि चुकला असें म्हणतां येत नाहीं. 'जोस' म्हणणारा मात्र चुकला. उलट 'होंडुरास' मधील 'ह' केवळ कागदावरचा आहे. तो बोलावयाचा नसतो, आणि त्या देशाचें नांव 'ओन्दुरास' असें ऐकूं येतें. कास्तिल प्रांतांत 'कासा' म्हणजे घर आणि जीभ दांतांत धरून म्हटलेला 'काथा' म्हणजे शिकार, असा भेद पाळितात. अमेरिकेंत दोहोंचा उच्चार 'कासा' असाच होतो. दोन 'एल्' एकत्र आले असतां पूर्वीं 'ल्य' म्हणत. आतां बहुतेक ठिकाणीं 'य' म्हणतात. आणि ब्वेनोस आयरेस शहरीं त्याचाच 'श' होतो. म्हणून 'तोर्तीया'.

यांपैकीं एका वर्णाविषयीं मात्र आम्हांस विशेष कौतुक वाटतें. 'एन्' या अक्षरावर नागमोडी रेघ देऊन स्पॅनिशमध्यें एक वेगळें अक्षर लिहितात. पूर्वीं लॅटिन शब्दांत जेथें दोन 'एन्' येत, तेथें लेखक श्रम वांचविण्यासाठीं एकच लिहून दुसऱ्याची खूण डोक्यावर देत असत. अनुस्वाराचें टिंब देणाऱ्या आमच्या लेखकांस ही युक्ति अपरिचित वाटूं नये. त्या वर्णाचा उच्चार इंग्रजास दोन अक्षरें जोडून समजावून द्यावा लागतो. आमच्या मुलांस तो पहिल्या इयत्तेपासून पाठ असतो. 'च छ ज झ ञ' असें म्हणतांना जो 'ञ' आम्ही केवळ रीत म्हणून उच्चारतों, व जो मराठी शब्दांत एकटा क्वचितच भेटतो, तोच हा वर्ण. 'काना' म्हणजे पांढरा केंस आणि 'काञा' म्हणजे वेत. 'पेना' म्हणजे दुःख आणि 'पेञा' म्हणजे खडक. मराठींत बेकार बसलेल्या या अक्षरास स्पॅनिशमध्यें असा भरपूर उद्योग आहे.

आतां 'क्विक्झोट'कडे वळूं. सर्वांतेसच्या या कादंबरीचा पूर्वार्ध १६०५ सालीं व उत्तरार्ध १६१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्या काळीं नायकाचें नांव 'एक्स' अक्षरानें लिहीत, आणि त्या अक्षराचा जुना उच्चार 'श' असा होता. फ्रेंच व इटालियन भाषांनीं तें नांव त्याच सुमारास उचललें असल्यामुळें त्यांच्या तोंडीं 'किशोत', 'किशोत्ते' अशीं 'श'कारयुक्त रूपें आजहि आहेत. स्पेनमध्यें मात्र हा 'श' मागें सरकत सरकत घशांत गेला, व १८१५ सालीं तेथील भाषामंडळानें 'एक्स' काढून त्या जागीं 'जे' घातला; तेव्हां आजचा उच्चार 'किखोते'. म्हणजे या नांवास 'श' आणि 'ख' हे दोन उच्चार आपापल्या काळीं प्रमाण होते. 'क्विक्झोट' हा उच्चार मात्र त्याच्या मायभूमींत कोणत्याहि काळीं नव्हता.

याच 'एक्स'चें एक उदाहरण मुंबईकरांच्या रोजच्या तोंडचें आहे. १८६९ सालीं स्थापन झालेल्या महाविद्यालयास ज्या संताचें नांव आहे, ते फ्रान्सिस झेवियर हे १५०६ सालीं स्पेनच्या उत्तरेकडील नावार्रा प्रांतांत जन्मले व १५४२ सालीं गोव्यास आले. हें आडनांव त्यांच्या वाड्याचें. त्याचें मूळ बास्क भाषेंत असून अर्थ 'नवें घर' असा आहे. पोर्तुगीज त्यास 'शाविएर' म्हणतात, आजचे स्पॅनिश लोक 'खाविएर' म्हणतात, आणि गोव्याच्या कोंकणींत रोमन 'एक्स'चा उच्चार आजहि 'श' असाच करितात. 'झ' हा इंग्रजांचा. गोवा जवळ असतां हें नांव आम्ही लंडनवरून मागविलें.

स्पेनचा विषय चालला असतां गोव्याचें नांव निघालें, तें अकारण नव्हे. स्पॅनिशची सख्खी बहीण जी पोर्तुगीज, ती आमच्या उपनगरांच्या भूमीवर दोन शतकें राज्य करून गेली आहे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसईचा मुलूख पोर्तुगिजांस दिला, त्यांत साष्टी बेट होतें. आणि आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर हीं सर्व याच बेटावर वसलेलीं आहेत. १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजांच्या मस्तकीं होता. तेव्हां तीं साठ वर्षें ही भूमि नांवापुरती कां होईना, माद्रिदच्या सत्तेखालीं होती. १७३७ मध्यें मराठ्यांनीं साष्टी घेतली व १७३९ मध्यें चिमाजी आपांनीं वसई सर केली. राज्य गेलें, पण शब्द राहिले; आणि ते शब्द आमच्या पूर्वजांनीं पुस्तकांतून वाचून घेतलेले नसून बाजारांत, बंदरांत, चर्चच्या दारांत कानानें ऐकून घेतलेले आहेत.

त्या शब्दांतील व्यंजनें तपासून पाहावीं. 'पाद्री' यांत 'द' आहे, 'ड' नाहीं. 'फीत' आणि 'तुरुंग' यांत 'त' आहे. 'बालदी'चा 'द' जागेवर आहे. 'नाताळ' हा शब्द आम्हीं इंग्रजी अक्षरांवरून घेतला असता तर तो खचित 'नेटल' झाला असता. तो 'नाताळ' आहे, कारण ऐकणाऱ्याने दंत्य 'त' बरोबर ओळखला. 'कोबी' हा पोर्तुगीज 'कोउवि'; 'ब' आणि 'व' यांची ही अदलाबदल, वसईस 'बसाईं' व वांद्र्यास 'बांद्रा' म्हणणाऱ्या किनाऱ्यावर नवलाची नाहीं. सर्वांत बोलका शब्द 'चावी' हा आहे. आजच्या लिस्बनमध्यें त्याचा उच्चार 'शावि' असा होतो. पण सोळाव्या शतकांत पोर्तुगीज माणूस तेथें 'च'च म्हणत असे. म्हणजे जो उच्चार खुद्द लिस्बनमध्यें लोपला, तो आमच्या घरच्या जुडग्यांत सुरक्षित आहे.

कानाचा मार्ग नेहमीं अचूकच असतो असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. 'बटाटा' हा शब्दहि त्याच बंदरांतून आला, आणि त्यांतील 'त' दंत्य असतां आमच्या लोकांनीं दोन 'ट' केले. 'अफोंसु'चा 'हापूस' करितांना त्यांनीं मुळांतील 'फ'हि ठेविला नाहीं. परंतु हे विकार भाषेच्या स्वतःच्या पोटांत झालेले आहेत. अन्न पचून रक्त व्हावें तसे ते शब्द मराठी झाले. 'टोलेडो' तसा मराठी झालेला नाहीं, आणि तो स्पॅनिशहि राहिलेला नाहीं. तो मधल्या दुकानदाराचा शिक्का घेऊन तसाच पडून आहे.

हा विचार केवळ दूरच्या गांवांचा असता तर आम्ही येथेंच थांबलों असतों. परंतु मरोळ, गोराई, वसई येथें पिढ्यान् पिढ्या राहणारे व घरीं मराठीचीच बोली बोलणारे जे आमचे ख्रिस्ती शेजारी आहेत, त्यांच्या नांवांचाहि यांत संबंध येतो. 'नोरोन्हा' या आडनांवांत रोमन 'एन्' व 'एच्' दिसले म्हणून आम्ही 'न्ह' लिहितों. पोर्तुगीजांत तीं दोन अक्षरें मिळून स्पॅनिशमधील त्याच 'ञ'चा उच्चार दाखवितात. 'कार्व्हालो' यांतील 'ल' हा मुळांत 'ल्य' आहे. आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे, मराठीचे निष्ठावंत लेखक कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या आडनांवांत तर दोन्ही मार्ग शेजारीं शेजारीं उभे आहेत: आरंभींचा 'दि' पोर्तुगीजांतून सरळ आलेला, आणि शेवटचा 'टो' इंग्रजीच्या वळणाचा. एकाच नांवांत आमच्या किनाऱ्याचा चारशें वर्षांचा इतिहास लिहिलेला आहे.

मग हीं नांवें आतां सुधारावीं काय? मुळींच नाहीं. माणसाचें नांव तो स्वतः जसें घेतो तसें घ्यावें, हा सभ्यतेचा पहिला नियम आहे. आणि डिसोझा कुटुंब स्वतःस डिसोझा म्हणत असतां त्यास लिस्बनचा उच्चार शिकवावयास जाणें हा पांडित्याचा उद्धटपणा होईल. जीं नांवें मराठींत रुजलीं तीं मराठीचीं झालीं; 'मेक्सिको'चें 'मेहिको' करण्याचा हट्टहि आम्ही धरीत नाहीं. आमचा आग्रह आहे तो नव्यानें येणाऱ्या नांवांपुरता. अनुवादक, वृत्तपत्रकार व शिक्षक यांनीं एखादें स्पॅनिश नांव प्रथमच मराठींत लिहितांना त्या अक्षरांचा मूळ उच्चार काय आहे एवढें विचारावें, आणि आमच्या लिपींत जो वर्ण तयार आहे तो टाकून इंग्रजीच्या सोयीचा वर्ण घालूं नये.

यावर कोणी म्हणेल कीं, मृदु 'द'ला व घशांतल्या 'ख'ला आमच्या लिपींत चिन्हेंच नाहींत; तेव्हां अर्धवट शुद्धतेचा काय उपयोग? याचें उत्तर आमच्या लिपींतच आहे. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' एकच नव्हे, हें प्रत्येक मराठी मूल जाणतें; लिहितांना मात्र आम्ही एकच अक्षर लिहितों व त्यांत कोणाची फसगत होत नाहीं. लिपीनें सर्व कांहीं दाखवावें अशी अपेक्षा नाहीं. तिनें असलेलें लपवूं नये, एवढीच आहे. 'तोलेदो' यांत कांहीं उणीव राहील. 'टोलेडो' यांत ती उणीव राहतेच, आणि शिवाय जें सहज साधलें असतें तेंहि हातचें जातें.

या संबंधांत एका इंग्रजाचें उदाहरण दिल्यावांचून राहवत नाहीं. थॉमस स्टीफन्स हा विल्टशर परगण्यांत १५४९ च्या सुमारास जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला आणि जन्मभर तेथें, मुख्यतः गोव्याच्या साष्टींत, राहून १६१९ सालीं वारला. त्याचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं सर्वांतेस निवर्तला त्याच वर्षीं, राचोल येथें छापलें गेलें. देवनागरीचे ठसे नसल्यामुळें तें मराठी काव्य रोमन लिपींत छापावें लागलें, आणि त्या लिपींत तर 'ट' व 'त' यांस एकच अक्षर! त्या काळच्या मिशनऱ्यांनीं यावर तोड काढिली. मूर्धन्य वर्णासाठीं तेंच अक्षर दोनदां लिहावयाचें. रोमन लिपींतील कोंकणींत ही रूढि आजपर्यंत चालत आली आहे, आणि 'कोंकणी' या शब्दांतील 'ण' दाखविण्यासाठीं तेथें दोन 'एन्' घालतात. ज्याच्या मातृभाषेंत ना आमचा 'त' ना आमचा 'ट', अशा माणसानें परक्या मुलुखांत येऊन हा भेद कानानें ओळखला, जिभेवर बसविला, व त्या भाषेंत पुराण रचलें. आणि ज्यांच्या घरीं हे दोन्ही वर्ण आईच्या दुधाबरोबर येतात, त्यांनीं इंग्रजी अक्षराकडे पाहून ते एकमेकांत मिसळावे!

स्पॅनिश शिकण्याची आमच्या तरुणांस आज जी हौस उत्पन्न झाली आहे ती वाढावी. त्यांच्यासाठीं मराठींत एक लहानसें पुस्तक हवें, ज्याच्या पहिल्या प्रकरणांत कागदाचा कपटा नसेल. 'त', 'द', 'प', 'क' हे तुमचे आहेत, पुढें चला. 'ञ' तुम्ही विसरलां होतां, तो आठवा. 'व्ह' आणि 'झ' बाजूस ठेवा. आणि दोन स्वरांमधला 'द' व घशांतला 'ख' हे दोन वर्ण मात्र मन लावून, मूळच्या माणसाचें ऐकून शिका, असें त्यांत सांगितलेलें असावें. असें पुस्तक चाळीस-पन्नास पानांत मावेल. तें लिहिणारास इंग्रजी येत असलें तर उत्तमच. परंतु लिहितांना त्यानें समोर मुलुंडचा विद्यार्थी धरावा, मँचेस्टरचा नव्हे.